कापड रंगवणाऱ्यांनी या काकांना एकदा घरी बोलवा

मी इंदूरला लोकमान्य नगरात राहते. घरामागच्या ओट्यावर गेली नऊ वर्षं सुती दुपट्टे रंगवते, त्यांवर ठसे मारते आणि प्रदर्शनांत विकते. जानेवारीत एका मैत्रिणीनं या काकांचा आणि त्यांच्या मुलीचा नंबर दिला. हाताचं काम करणाऱ्यांच्या घरी येऊन पाणी, गॅस, रसायनं किती जातात ते मोजायचं आणि कमी करून दाखवायचं, हे त्यांचं काम. तीन भेटींचे अठराशे रुपये घेतात. कुंभारकाम आणि मेणबत्त्या करणाऱ्यांकडेही जातात म्हणे, पण मी माझ्या अनुभवाचंच लिहिते.

बोलावलं ते मनाला लागलं होतं म्हणून. आमच्याकडे नर्मदेचा नळ दिवसाआड येतो. ते पाणी नर्मदाकाठच्या जलूदहून सत्तरेक किलोमीटर, पंपानं घाट चढवून आणलेलं. त्यात मी रंग खळबळून गटारात सोडत होते. इथलं सांडपाणी खान नदीत जातं आणि खान उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेला मिळते. त्याच क्षिप्रेत माझी आई दर सिंहस्थाला नहायची.

मला वाटलं होतं, काका येतील आणि म्हणतील, रासायनिक रंग बंद करा, झाडपाल्याचे वापरा. असं सांगणारे प्रदर्शनात दर तासाला भेटतात. काका इथल्याच एका कापड गिरणीच्या रंगखात्यात होते. त्यांनी पिशवीतून काटा काढला आणि म्हणाले, "ताई, आधी कापड तोला, मग पाणी मोजा. रंगाचं नंतर बोलू."

सहा दुपट्टे भरले एक किलो दोनशे ग्रॅम. टपात पाणी होतं अठ्ठेचाळीस लिटर, म्हणजे कापडाच्या चाळीसपट. आता खरी गोष्ट अशी, की रिॲक्टिव्ह रंगात, म्हणजे सुती धाग्याशी रासायनिक रीतीनं जोडल्या जाणाऱ्या रंगात, मीठ आणि धुण्याचा सोडा पडतो तो पाण्याच्या लिटरवर. माझं प्रमाण लिटरला पन्नास ग्रॅम मीठ, वीस ग्रॅम सोडा. दर खेपेला दोन किलो चारशे ग्रॅम मीठ मी गटारात घालत होते, आणि हे नऊ वर्षांत एकदाही बेरीज करून पाहिलं नव्हतं. सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात गेलं तरी तिथं मीठ निघत नाही, ते तसंच नदीत उतरतं. हे काकांनी सांगितलं तेव्हा मी गप्पच बसले.

पाणी निम्मं केलं, चोवीस लिटर. मीठ आपोआप एक किलो दोनशेवर आलं, सोडाही निम्मा, पाणी कोमट करायचा गॅसही कमी. आणखी एक झालं. थोड्या पाण्यात रंग कापडाला जास्त धरतो, त्यामुळे गडद निळा जरा जास्तच गडद आला. तिसऱ्या खेपेपासून मी रंगच दहावा हिस्सा कमी घेते. वह्या भरून कृती लिहून ठेवल्या होत्या, पण त्यांत कापडाचं वजन कुठंच नव्हतं.

पण हे पहिल्याच दिवशी साधलं नाही. मरून रंगाचे सहा दुपट्टे ढगाळ उतरले, घडी पडली तिथं फिके. थोड्या पाण्यात कापड दाटीनं बसतं, म्हणून पहिला अर्धा तास हात न थांबवता फिरवावं लागतं. काकांनी हे आधी सांगायला हवं होतं. दुसऱ्या भेटीत त्यांनी स्वतः बाह्या सरसावून फिरवून दाखवलं आणि ते सहा दुपट्टे काळ्यात बुडवून वाचवले.

धुण्याची रीतही बदलली. पूर्वी नऊ पाणी, दर वेळी वीस लिटर. आता आधी दोन गार पाणी, म्हणजे कापडातलं मीठ निघतं. मग एकदा उकळत्या साबणपाण्यात दहा मिनिटं, आणि पुन्हा दोन गार. मीठ निघाल्याशिवाय सुटा रंग नीट निघत नाही; मी घाईनं आधीच साबण लावायची, म्हणून धूत बसायची. शेवटची दोन पाणी जवळजवळ नितळ असतात. ती पिंपात ठेवून पुढच्या खेपेचं पहिलं-दुसरं धुणं त्यांवर होतं. दर वेळी पंधरा लिटरच्या हिशेबानं ताजं पाणी लागतं तीनदाच, पंचेचाळीस लिटर. पूर्वी एकशे ऐंशी.

झाडपाल्याच्या रंगांचं मुलीनं पाहिलं. तिचं मत मला फार पटलं: झाडाचा रंग म्हणून सगळं निर्मळ, असं नसतं. मी डाळिंबाच्या सालीतून हिरवट छटा काढायला मोरचूद घालत होते. ते तांब्याचं क्षार, पाण्यातल्या माशांना विष. आता तुरटीवर पिवळा करून थोडं लोहाचं पाणी देते. छटा जुन्या शेवाळासारखी येते, आधीच्यापेक्षा काळपट, पण मला आवडली. धार जिल्ह्यातल्या बाघ गावी ठसेछपाई शिकायला गेले होते तेव्हा तुरटीचा लाल, लोहाचा काळा हे सगळं पाहिलं होतं. छापलेलं कापड तिथं बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुतात, म्हणजे सुटलेलं पुन्हा कापडावर बसत नाही. ओट्यावर ती नदी नाही, म्हणून बादल्यांचा क्रम नीट लावणं एवढंच हाती उरतं.

तक्रार एकाच बाबतीत. रंगाचं पाणी पिंपात घेऊन चुना-तुरटीनं गाळ बसवायला त्यांनी शिकवलं. वरचं पाणी बरंच फिकं होतं, पण त्यातलं मीठ तसंच, त्यामुळे झाडांना घालता येत नाही. आणि खालचा गाळ? तो वाळवून डब्यात भरून ठेवा, म्हणाले. दोन डबे भरलेत. कचरागाडीत घरगुती घातक कचऱ्याचा खण आहे, पण धंद्याचा गाळ त्यात टाकावा की नाही, याचं नेमकं उत्तर दोघांकडेही नव्हतं. आमच्यासारख्या पाच-सहा घरांचा गाळ त्यांनी एकत्र उचलून योग्य जागी पोचवला, तर मी वरचे दोनशे रुपये आनंदानं देईन. हे त्यांना फोनवर सांगितलंय, इथंही सांगते.

पाच पैकी साडेचार तारे. बोलावणार असाल तर तिन्ही भेटी पावसाळ्याआधी घ्या, गाळ वाळायला कडक ऊन लागतं. आणि पहिल्या भेटीला रोजचंच काम रोजच्यासारखं मांडून ठेवा. ओटा आवरून ठेवला तर काका मोजणार काय?