गिरगावच्या टॉवरमधला 38वा मजला आणि माझे 31 लाख 40 हजार

मुलगा मुंबईत नोकरीला. भाडं भरून भरून कंटाळला, म्हणून अमळनेरचा प्लॉट विकला. जळगावच्या प्रॉपर्टी प्रदर्शनात एजंट भेटला. "नाना, मी आपलाच गावकडला शे," म्हणाला. गिरगावातला टॉवर, 38वा मजला, 1 कोटी 72 लाख. पुढे पैसेच अडकले.

बुकिंगचे 2,00,000. महिन्याभरात 12,60,000. मग समुद्र दिसतो म्हणून फ्लोअर राइजचे, म्हणजे वरच्या मजल्याचे जादा, 16,80,000. हातात फक्त अलॉटमेंट लेटर! तिसरा चेक लिहिताना मी विचारलं होतं, करारनामा कधी? "नाना, स्टॅम्प ड्युटी एवढ्यात कशाला भरता, नंतर करू." त्याच क्षणी चेकबुक मिटून उठायचं होतं. घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या रेरा कायद्याच्या कलम 13 प्रमाणे करारनामा नोंदवल्याशिवाय 10 टक्क्यांहून जास्त घेताच येत नाही. म्हणजे 17,20,000च्या वर एक रुपयाही नाही. पण चेक बिल्डरच्याच नावाचे, साइटवर क्रेन चालू, प्रकल्पाचा महारेरा नंबर, म्हणजे राज्याच्या रेरा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक, खरा. संशय कुणाला येईल? कागद माझ्या इंजिनिअर मुलानेही पाहिले होते.

नंबर खरा, मंजुरी मात्र 22 मजल्यांचीच. उंच इमारतीची सीसी, म्हणजे बांधकाम सुरू करायची परवानगी, टप्प्याटप्प्याने मिळते, आधी जोत्यापर्यंत, मग वरच्या मजल्यांची. आमचा मजला मंजूर कागदावरही नव्हता आणि त्याचे पैसे घेतले! सीसी महारेराच्या साइटवर फुकट बघता येते. आपला मजला त्यात आहे का ते आधी बघा. एजंटचाही महारेरा नंबर मागा, या भामट्याकडे तो नव्हताच.

आता पोलीस. इकडचे म्हणाले, मुंबईला जा. मुंबईचे म्हणाले, बांधकाम चालू आहे ना, मग हा दिवाणी मामला. 1 जुलै 2024 पासून हद्दीचं कारण सांगून गुन्हा नाकारता येत नाही, हे छापील दाखवलं तर साहेब म्हणे, "मग वकीलच करा." जन्मभर कर भरला तो हे ऐकायला? महारेरात 5,000 भरून तक्रार केली, तारीखच लागेना. उद्या व्याजासह परताव्याचा आदेश निघाला तरी वसुली जिल्हाधिकारी कार्यालयाकडून, म्हणजे पुन्हा नवी रांग.

रोख एक पैसाही देऊ नका. "आपला माणूस" म्हणणाऱ्याला तर नाहीच.

धुळे, नंदुरबार, चाळीसगावकडच्या ज्यांनी अशाच प्रदर्शनात गिरगावचं बुकिंग केलं असेल, त्यांनी पावत्या आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं पुसू नका. सगळ्यांच्या तक्रारी एकदम दाखल करू.