एंजल स्टेडियम, अनाहाइम: तिकीट काढावं का, आणि ट्राउटला ट्रेड करावं का?

पाचपैकी चार तारे. त्यातला एक निव्वळ माइक ट्राउटचा, म्हणजे इथल्या एंजल्स या बेसबॉल संघाच्या स्टार बॅटरचा. आणि ट्रेड म्हणजे खेळाडू दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात दुसरे घेणं.

आधी मैदानाविषयी. १९६६ सालचं हे स्टेडियम आहे, मेजर लीग या अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगच्या चालू मैदानांत वयाने चौथं. दारात दोन अवाढव्य लाल टोप्या, सेंटर फिल्डच्या डाव्या अंगाला खडकांतून उसळणारं कारंजं. पार्किंगमध्ये ते उंच ‘ए’ अक्षर, एंजल्स जिंकले की त्याच्या टोकाचं कडं उजळतं. जागा तिसऱ्या बेसच्या बाजूची घ्या. सावली तिथे लवकर येते आणि एंजल्सचं डगआउटही (खेळाडूंची बसायची जागा) त्याच बाजूला आहे. घरचं खाणं आत नेता येतं. आम्ही पराठे आणि कोरडी चटणी नेतो. गाडी काढायची नसेल तर मेट्रोलिंकचं स्टेशन जवळच आहे.

पण अर्व्हाइनहून आम्ही जातो ते २७ नंबरच्या ट्राउटसाठी. आणि आमच्या मराठी मंडळींत दर उन्हाळ्यात वाद ठरलेला: एवढा पैसा अडकवून बसलेला, सतत जायबंदी होणारा माणूस क्लबने ठेवावाच कशाला?

दुखापतींची यादी खरोखर मोठी आहे. २०२१ मध्ये पोटरी, त्या वर्षी फक्त ३६ सामने. २०२२ मध्ये पाठ. २०२३ मध्ये डाव्या हाताचं हाड मोडलं, ८२ सामने. २०२४ मध्ये गुडघ्यातली गादी (मेनिस्कस) फाटली, २९ सामने, तरी त्यात १० होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके)! २०२५ मध्ये गुडघा जपायला बहुतेक वेळ त्याला नुसती बॅटिंग दिली, आपल्या आयपीएलमधल्या इम्पॅक्ट प्लेअरसारखी. तेव्हा तो १३० सामने खेळला, २६ होम रन मारले आणि सप्टेंबरात कारकिर्दीतल्या होम रनचा चारशेचा आकडा गाठला. सरासरी घसरली आहे, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) वाढलेत, हे मलाही दिसतं.

तरीही माझं मत ठाम आहे: ट्रेड करू नये. २०१९ चा करार १२ वर्षांचा, ४२६.५ दशलक्ष डॉलर्सचा, २०३० पर्यंतचा. एवढा पगार घेणारा, तिशी केव्हाच ओलांडलेला, गुडघ्याने त्रासलेला खेळाडू घेताना समोरचा संघ चांगली तरुण पोरं देणार नाही. उलट पगाराचा मोठा वाटा एंजल्सनेच उचलावा म्हणेल. बॉस्टनने २०२३ च्या डिसेंबरात ख्रिस सेल या पिचरला (चेंडू टाकणाऱ्याला) असंच सोडलं. तोही सारखा जायबंदी. सोबत १७ दशलक्ष डॉलर्स दिले आणि बदल्यात एक इनफिल्डर (बेसजवळचा क्षेत्ररक्षक) घेतला. पुढच्याच मोसमात सेलने अटलांटासाठी १८ सामने जिंकले, २२५ स्ट्राइकआउट केले आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार नेला. दुखरं शरीर कधी साथ देईल, याचा हिशेब कुणालाच नीट मांडता येत नाही.

शिवाय ट्राउटच्या करारात त्याच्या संमतीशिवाय ट्रेड होऊच शकत नाही. ट्रेड मागणं ही सोपी पळवाट आहे, असं तो २०२४ च्या मोसमाआधी उघड म्हणाला होता. तीन वेळा एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झालेल्या या माणसाला प्लेऑफचे सामने मिळाले मोजून तीन, तेही २०१४ मध्ये. माझा राग त्याच्या गुडघ्यावर नाही, त्याच्याभोवती धड पिचिंग कधीच उभं न करणाऱ्या क्लबवर आहे. एंजल्सच्याच दुसऱ्या स्टारला, ओहतानीला, २०२३ च्या जुलैत ट्रेड करून बरंच काही मिळालं असतं. तेव्हा थांबले आणि करार संपल्यावर डिसेंबरात तो डॉजर्स या दुसऱ्या संघाकडे गेला. विकायची वेळ तिथे होती, ट्राउटच्या बाबतीत नाही. त्याला आउटफिल्डमध्ये कमी पळवा, विश्रांतीचे दिवस आधीच ठरवा आणि पैसा पिचरवर घाला.

तुम्ही जाणार असाल तर मधल्या वारचा सामना निवडा आणि तिकीट त्याच दिवशी काढा. लाइनअप (त्या दिवशी खेळणाऱ्यांची यादी) खेळाच्या काही तास आधी जाहीर होते. त्यात ट्राउट दिसला तर बेशक जा.