एकाच बल्बात ७२ तपासण्या

सिंहगड रस्त्यावरच्या आमच्या सोसायटीत रविवारी व्हिटॅमिन तपासणी शिबिर झालं. ३९९ रुपयांत ७२ तपासण्या! बाहेर नुसतं डी आणि बी-१२ करायलाही याहून जास्त पैसे पडतात, त्यामुळे क्लब हाउसबाहेर ही रांग.

दुसऱ्याच दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट आले. आईचं डी, बी-१२, झिंक, मॅग्नेशियम सगळं लाल अक्षरांत. शेजारच्या काकांचंही तेच. रोज पर्वती चढणारा वरच्या मजल्यावरचा मुलगासुद्धा कुपोषित निघाला. मग ‘आहारतज्ज्ञ’ मॅडमचे फोन सुरू. “काकू, हाडं पोकळ होत चालली आहेत तुमची.” सहा महिन्यांचा कोर्स १८,००० रुपये, आज भरलेत तर १४,०००. काहींनी घाबरून भरले.

मी रिपोर्ट ओळखीच्या पॅथॉलॉजिस्ट बाईंना दाखवला. आकड्यांकडे त्या वळल्याच नाहीत. “रक्त किती बल्बांत घेतलं?” एकाच, लाल टोपणाच्या नळीत, मी म्हटलं. “मग हा सीबीसी कुठून आला?”

सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. तिला न गोठलेलं रक्त लागतं. म्हणून ते जांभळ्या टोपणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) बल्बात घेतात. तीन महिन्यांच्या साखरेची तपासणीही त्यातूनच होते. लाल बल्बात रक्त गोठतं, वर उरतं ते सीरम, म्हणजे पेशी नसलेला द्रव. त्यात पेशी मोजणार कशा? इथे तर प्लेटलेट्ससुद्धा मोजून छापलेल्या!

उरलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा म्हटलं तरी गंमत आहेच. आईचं डी ३४. बहुतेक लॅब ३०च्या वर पुरेसं मानतात, यांचं ‘नॉर्मल’ सुरूच होतं ६०पासून. त्यामुळे धडधाकट माणूसही लाल रकान्यात. आणि कोर्समध्ये डीची ६०,००० युनिटची पुडी रोज! डॉक्टर ती आठवड्याला एक देतात, तीही थोडे आठवडे. अति झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो. पैशांपेक्षा याचा मला जास्त राग आला.

सहीच्या जागी कुणा ‘टेक्निकल इनचार्ज’चा शिक्का. पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलं आहे. असं शिबिर तुमच्याकडे येणार असेल तर कमिटीने त्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक आधीच मागावा.

पैसे भरलेल्यांनी यूपीआयच्या पावत्या पुसू नका. रक्त घेतानाचे फोटो कोणी ग्रुपवर टाकले होते, तेही ठेवा. त्यांत बल्ब दिसतोय, तक्रारीला जोडायचा आहे.