‘लाइफटाइम पॅक’च्या नावाखाली लावलेला चुना

‘ऑब्सिडियन प्रीमियम, सगळे प्लगइन, नकाशे काढायची सगळी सॉफ्टवेअर, लाइफटाइम, फक्त ₹१४९९.’ अशी जाहिरात दिसली तर पुढे सरका. (ऑब्सिडियन म्हणजे नोंदी ठेवायचं अ‍ॅप आणि प्लगइन म्हणजे त्याला जोडायचे छोटे प्रोग्राम.) जळगावात आम्ही काही मित्र सुट्टीच्या दिवशी फासे घेऊन डी अँड डी, म्हणजे पात्रं घेऊन गोष्ट रंगवत खेळायचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’, खेळायला बसतो. आमच्या ग्रुपने वर्गणी काढून हा पॅक घेतला. पैसे तर गेलेच, वर माझ्या मावसभावाचं इन्स्टाग्रामही दुसऱ्याच्या हातात गेलं.

आमचा खेळ फारुकी सुलतानांच्या काळातल्या खानदेशात घडतो. थाळनेरहून निघायचं आणि १६०१ साली अकबराच्या हाती पडलेल्या असीरगडापर्यंत पोचायचं. किल्लेदार, सराया, घाटवाटा, कोणाचं कोणाशी वैर, या सगळ्याच्या नोंदी मी ऑब्सिडियनमध्ये ठेवतो. नकाशावर लळिंग किल्ल्यावर बोट ठेवलं की लळिंगची नोंद उघडावी, एवढीच माझी हौस. विक्रेत्याने ती बरोबर हेरली. ‘सर, तुमच्या खानदेशाचा नकाशा फ्री करून देतो’ म्हणाला आणि तासाभरात नमुना पाठवला. झोकदार अक्षरं, वर सातपुडा, किल्ल्यांची चिन्हं. फक्त तापी पूर्वेकडे रुंद होत जाऊन असीरगडापलीकडे एका तळ्यात गडप! मुलताईला उगम पावलेली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, हे आमच्याकडचं शाळकरी पोरही सांगेल. तसं कळवलं तर उत्तर आलं, ‘फँटसी आहे ना सर.’

नंतर समजलं की तो नकाशा त्याने काढलाच नव्हता. काल्पनिक नकाशे आपोआप बनवणारा ‘अझगारचा फँटसी मॅप जनरेटर’ ब्राउझरमध्ये फुकट चालतो. त्यातून नकाशा काढून याने फक्त नावं बदलली होती.

यूपीआयने पैसे गेले आणि एक झिप फाइल आली. पासवर्ड वेगळ्या मेसेजमध्ये. आत सेटअप डॉट ईएक्सई, म्हणजे उघडली की थेट प्रोग्राम चालवणारी फाइल, सोबत सूचना: ‘आधी अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच ओरडतो.’ मावसभावाच्या लॅपटॉपवर ती चालवली. एक काळी खिडकी लुकलुकली आणि संपलं. विक्रेता म्हणाला, तुमचं विंडोज जुनं आहे, रिफंड देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. इथे मावसभाऊ अडला. ‘काय भो, पैसे तू देणार आणि पिन मी टाकू?’ यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ती दुसरी टोपी वाचली, पण त्याच रात्री त्याच्या इन्स्टाग्रामवरून ओळखीपाळखीच्यांना ‘अर्जंट पैसे पाठव’ असे मेसेज जायला लागले. अशा फाइली ब्राउझरमधलं चालू लॉगिनच उचलून नेतात, त्यामुळे चोराला ओटीपीसुद्धा लागत नाही.

आता खरं काय ते. ऑब्सिडियन फुकट आहे. २०२५ पासून ऑफिसच्या कामालाही लायसन्सची सक्ती नाही. पैसे लागतात ते त्यांच्या सिंक (नोंदी सगळ्या डिव्हाइसवर सारख्या ठेवणं) आणि पब्लिश (नोंदी वेबसाइटवर टाकणं) या सेवांना. नकाशावर नोंदी टाचायचं लीफलेट, चित्रं काढायचं एक्सकॅलिड्रॉ, फासे टाकायचं डाइस रोलर हे प्लगइन अ‍ॅपच्या सेटिंगमधूनच फुकट घेता येतात. प्लगइन म्हणजे मेन डॉट जेएस, मॅनिफेस्ट डॉट जेसन आणि फार तर एक स्टाइलची फाइल. कोणी प्लगइन म्हणून ईएक्सई दिली की समजून जा. अ‍ॅपमधून घेतलेल्या प्लगइनलाही तुमच्या कॉम्प्युटरवरच्या फाइली उघडता येतात, म्हणून ते सुरुवातीला बंद ठेवलेले असतात. दिसेल ते चालू करू नका. नकाशे काढायची वंडरड्राफ्ट आणि डंजनड्राफ्ट ही सॉफ्टवेअर विकतचीच आहेत, पण एकदाच पैसे भरायचे आणि तेही बनवणाऱ्यालाच. भुयारं-तळघरं काढायला वाटाबू नावाच्या निर्मात्याची साधनं ब्राउझरमध्ये फुकट आहेत.

ईएक्सई चालवून बसला असाल तर त्या लॅपटॉपचं नेट आधी तोडा. पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला, पहिला ईमेलचा, आणि ‘सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट’ करा, नाहीतर जुनं लॉगिन चालूच राहतं. ऑब्सिडियनमधल्या नोंदी साध्या मजकुराच्या फाइली असतात, त्या काढून घ्या आणि विंडोज नव्याने टाका. पैशांसाठी लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. यूपीआयचा व्यवहार क्रमांक आणि चॅटचे स्क्रीनशॉट हाताशी ठेवा, ते विचारतात.

आमची तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत. विक्रेत्याने आम्हाला ब्लॉक केलंय आणि तोच पॅक आता दुसऱ्या नावाने ₹१९९९ ला विकतोय.