थांबावे, की आहे तोच खेळावा: स्टारसेक्टर आणि इतर अपूर्ण अंतराळ गेम

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला खोली घेऊन अभियांत्रिकी शिकणाऱ्या आणि ८ जीबी रॅमच्या लॅपटॉपवर गेम खेळणाऱ्या मुलांकडून एक प्रश्न सतत विचारला जातो. स्टारसेक्टर आत्ताच विकत घ्यावा, तो पूर्ण होईपर्यंत थांबावे, की तेवढ्याच पैशांत दुसरा एखादा अंतराळ गेम घ्यावा? हा गेम २०११ मध्ये स्टारफेअरर या नावाने प्रथम लोकांच्या हाती आला, पुढच्या वर्षी त्याचे नाव स्टारसेक्टर झाले आणि मार्च २०२५ मध्ये आलेल्या आवृत्तीचा क्रमांक अजूनही ०.९८ आहे. ज्या मुलांनी तो शाळेत असताना पाहिला, ती आता नोकरीला लागली आहेत, पण १.० ही पूर्ण गेम मानली जाणारी आवृत्ती अजून आलेली नाही.

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढची तुलना कोणत्या बाजूने केली आहे हे लपून राहणार नाही. अपूर्ण गेम घ्यायचा की नाही, हे त्याच्या प्रकाशनाच्या तारखेवरून ठरवू नये. आज त्यात खेळण्याजोगे काय आहे, आणि उद्या त्याच्या कर्त्याने काम थांबवले तर चाहत्यांच्या हाती काय उरेल, या दोन गोष्टी पाहाव्यात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जवळजवळ नेहमी मॉडिंगमध्ये, म्हणजे खेळाडूंनीच गेममध्ये केलेल्या बदलांत आणि भरीत सापडते; अशा प्रत्येक भरीला मॉड म्हणतात.

स्टारसेक्टर फ्रॅक्टल सॉफ्टवर्क्स या अगदी छोट्या संस्थेचा गेम आहे आणि त्याचे मुख्य काम अलेक्झांडर मोसोलोव्ह हा एक प्रोग्रामर करतो. वरून दिसणाऱ्या द्विमितीय आकाशात आपण जहाजांचा ताफा घेऊन फिरतो, व्यापार करतो, चाचेगिरी करतो किंवा चाच्यांना पिटाळतो, पडक्या तारकासमूहांत जुनी अवशेषसामग्री शोधतो आणि पुढे स्वतःच्या वसाहती उभ्या करतो. वसाहतींचा भाग नोव्हेंबर २०१८ च्या ०.९ आवृत्तीत आला. त्यानंतरची मोठी आवृत्ती, म्हणजे ०.९५, मार्च २०२१ मध्ये आली, ०.९६ मे २०२३ मध्ये, ०.९७ फेब्रुवारी २०२४ मध्ये आणि ०.९८ मार्च २०२५ मध्ये. या तारखा एकापुढे एक ठेवल्या की दोन गोष्टी लक्षात येतात. काम संथ आहे, पण थांबलेले नाही. आणि प्रत्येक आवृत्ती ही त्या त्या वेळी खेळता येणारा गेम होती, केवळ पुढच्या आश्वासनाची पावती नव्हती. लढाईचा भाग तर अनेक पूर्ण झालेल्या गेमना लाजवेल इतका घोटीव आहे. शस्त्र चालवले, ढाल उचलली किंवा ढालीवर मार झेलला की जहाजात फ्लक्स, म्हणजे एक प्रकारचा ताण, साठत जातो, तो मर्यादेपलीकडे गेला की जहाज काही क्षण निष्प्रभ होते, आणि त्यामुळे केव्हा मारा करायचा आणि केव्हा मागे सरायचे या निर्णयात खरी बुद्धी लागते. हे शिकायलाच नव्या खेळाडूची पहिली सुट्टी सहज जाते.

मग चाहते नेमके कशाची वाट पाहत आहेत? कथानकाचा शेवट, खेळातल्या उरलेल्या सत्तागटांच्या मोहिमा आणि एक स्थिर आवृत्ती यांची. यातल्या शेवटच्या अपेक्षेचा थेट संबंध मॉडिंगशी आहे. स्टारसेक्टर जावा भाषेत लिहिलेला आहे. जहाजांची आणि शस्त्रांची माहिती साध्या मजकूर फायलींत आणि सीएसव्ही तक्त्यांत उघडी ठेवलेली आहे, त्यामुळे दुसऱ्या वर्षात जावा शिकलेला विद्यार्थी एका संध्याकाळी नवे जहाज घालून पाहू शकतो. प्रत्येक मॉडच्या फोल्डरमध्ये तो कोणत्या आवृत्तीसाठी लिहिला आहे याची नोंद असलेली एक फाईल असते आणि गेम सुरू करतानाच ती तपासली जाते. नेक्सरेलिन नावाचा मॉड या जगाचा स्वभावच बदलतो. मूळ गेममध्ये मोठे गट एकमेकांचे ग्रह जिंकून घेत नाहीत. नेक्सरेलिनमध्ये ते घेतात, तह करतात, युती मोडतात आणि आपल्याला सुरुवातीलाच एखाद्या गटाच्या बाजूने उतरता येते. अनेक जण मूळ गेमपेक्षा याच रूपात स्टारसेक्टर ओळखतात.

अडचण अशी की हे सारे मॉड पायाच्या आवृत्तीवर उभे असतात. आपल्या तासगाव-मिरज पट्ट्यातल्या द्राक्षबागायतदाराला हे वेगळे सांगायला नको: कलम कितीही उत्तम असले तरी ते ज्या खुंटावर बांधले तो बदलला की पुन्हा पहिल्यापासून बांधणी करावी लागते. मोठी आवृत्ती आली की आधी लेझीलिब, मॅजिकलिब, ग्राफिक्सलिब यांसारखे पायाभूत मॉड अद्ययावत व्हावे लागतात, मग त्यांच्यावर अवलंबून असलेले इतर. कोणाला नोकरी लागलेली असते, कोणाचा उत्साह संपलेला असतो, आणि काही चांगले मॉड जुन्या आवृत्तीतच राहून जातात. म्हणून स्टारसेक्टरच्या चाहत्यांची प्रतीक्षा दुहेरी आहे, आधी गेमची आणि मग त्यावरच्या मॉडची. नव्या आवृत्तीच्या पहिल्या आठवड्यात मूळ गेम खेळणारे आणि मॉडसाठी थांबणारे असे दोन तट पडतात, आणि दोघांचेही म्हणणे रास्त असते.

या प्रतीक्षेतले एक सुख मात्र फारसे सांगितले जात नाही. स्टारसेक्टर स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात नाही. तो कर्त्याकडूनच घ्यावा लागतो आणि आपल्या परवानगीशिवाय तो स्वतःला अद्ययावत करत नाही. खेळाच्या जतन केलेल्या फायली आणि मॉड हे दोन्ही गेमच्याच फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे तो संपूर्ण फोल्डर दुसरीकडे उतरवून, म्हणजे त्याची प्रत काढून, ठेवला की जुनी आवृत्ती, तिचे मॉड आणि आपली मोहीम सगळे शाबूत राहते, आणि नवी आवृत्ती शेजारी वेगळी बसवता येते. नवी आवृत्ती केव्हा घ्यायची हे खेळाडूच्याच हाती राहते.

आता दुसरी बाजू. लिमिट थिअरी या गेमची आठवण या चर्चेत नेहमी निघते आणि ती निघायलाच हवी. जॉश पार्नेल या तरुणाने २०१२ च्या अखेरीस किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ५० हजार डॉलर मागितले आणि लोकांनी १ लाख ८७ हजारांहून अधिक दिले. प्रत्येक खेळाडूसाठी संगणकाने नव्याने घडवलेले अथांग विश्व, आणि त्यात स्वतःचे अर्थकारण चालवणारी पात्रे, असे ते स्वप्न होते. गेम २०१४ च्या सुरुवातीला देण्याचा मूळ बेत होता. पार्नेल आपल्या कामाच्या नोंदी इतक्या मोकळेपणाने लिहीत असे की वाचणाऱ्याला आपणच शेजारी बसून काम पाहतो आहोत असे वाटे. पण गेम बाहेरच्यांना बदलता यावा, म्हणजे मॉडिंग मुळापासूनच असावे, आणि तरीही वेग कमी होऊ नये, या दोन अपेक्षांचा मेळ बसवण्यात आणि इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो मूळ प्रोग्राम, पुन्हा पुन्हा उभारण्यात वर्षे गेली. स्वतःची स्क्रिप्टची भाषा घडवून झाली, पुढे लुआ भाषेकडे वळून झाले. सप्टेंबर २०१८ मध्ये त्याने आपली शक्ती आणि पैसा दोन्ही संपल्याचे सांगून काम थांबवले. नंतर त्याने सोर्स कोड खुला केला, आणि काही चाहत्यांनी त्यावर काम करून पाहिले. पण मूळ स्वप्न तिथे सापडत नाही.

या दोन उदाहरणांतला फरक मला फार मोलाचा वाटतो. दोघेही एकांडे शिलेदार, दोघांनाही मॉडिंगचे प्रेम, दोघांचाही वेळ अंदाजापलीकडे लांबलेला. पण मोसोलोव्हने आधी लढाईचा छोटा, पूर्ण खेळता येणारा भाग विकला आणि मग त्याभोवती एक एक वर्तुळ वाढवले. पार्नेलने आधी सर्वसमर्थ पाया बांधायला घेतला आणि खेळ त्यावर नंतर येणार होता. पार्नेलच्या प्रामाणिकपणाबद्दल मला शंका नाही. त्याच्या नोंदी वाचलेल्या कोणालाही ती नसावी. तरीही पैसे देणाऱ्याने हा क्रम पाहावा, कारण पहिल्या पद्धतीत काम कोणत्याही दिवशी थांबले तरी हातात एक गेम राहतो.

स्टार सिटिझनचा विचार इथे थोडक्यात पुरेल. तोही २०१२ मध्येच लोकवर्गणीतून सुरू झाला, २०१४ मध्ये येणार होता, २०२५ पर्यंत त्याच्यासाठी ८० कोटी डॉलरहून अधिक रक्कम जमली आणि तो अजूनही अल्फा, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या, अवस्थेत आहे. सुरुवातीला खासगी सर्व्हर आणि मॉडिंगही देण्याचे म्हटले होते. त्यातली दृश्ये विलक्षण सुंदर आहेत. परंतु त्याला एसएसडी, चांगले ग्राफिक्स कार्ड, १०० जीबीच्या वर जागा आणि सतत चालू असलेले इंटरनेट लागते. वसतिगृहाच्या खोलीत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर किंवा देखभालीसाठी वीज बंद ठेवलेल्या दिवशी लॅपटॉपच्या बॅटरीवर तो खेळण्याचा प्रश्नच येत नाही. आठ जीबीच्या लॅपटॉपवाल्याने त्याचा विचार सोडून द्यावा, हे मी निःशंकपणे सांगतो.

ज्यांना प्रतीक्षाच नको आहे त्यांच्यासाठी कर्बल स्पेस प्रोग्राम हा अंतराळयाने बांधून उडवण्याचा गेम आहे. मेक्सिकोतल्या स्क्वाड या संस्थेने तो २०११ मध्ये लोकांपुढे आणला, एप्रिल २०१५ मध्ये १.० आवृत्ती दिली आणि २०२१ मध्ये १.१२ देऊन मोठी भर घालण्याचे काम पूर्ण केले. पाया स्थिर झाल्यामुळे त्याचे मॉड आता निवांत पिकले आहेत. सीकॅन नावाच्या साधनाने ते एका ठिकाणाहून बसवता येतात, कोणता मॉड कोणावर अवलंबून आहे ते हे साधनच पाहते, आणि मेकजेबसारखा मॉड यान स्वतः चालवून दाखवतो. जुलै २०२३ मध्ये निघालेल्या चांद्रयान-३ ची कक्षा पृथ्वीभोवती टप्प्याटप्प्याने का वाढवली, हे ज्याला स्वतःच्या हाताने करून पाहायचे आहे त्याने हाच गेम घ्यावा. फक्त तो स्टीमवर घेतला तर त्याचाही फोल्डर वेगळा उतरवून मगच मॉड बसवावेत. त्याच्या दुसऱ्या भागाकडे मात्र जाऊ नये. तो २०१९ मध्ये जाहीर झाला, २०२० मध्ये येणार होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ५० डॉलरला अपुऱ्या अवस्थेत विक्रीस आला, आणि २०२४ मध्ये तो घडवणारा स्टुडिओ बंद झाला. वसाहती, इतर ताऱ्यांकडे जाणे, एकत्र खेळणे ही वचने त्यात आलीच नाहीत. मोठ्या प्रकाशकाचे पाठबळ असले म्हणजे गेम पूर्ण होतो, अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी हा इतिहास जरूर लक्षात घ्यावा.

खिशात पैसेच नसतील तर एंडलेस स्काय आहे. तो विनामूल्य आणि मुक्त परवान्याचा आहे, जुन्या संगणकावरही चालतो, आणि त्यातली जहाजे, मोहिमा, संवाद सगळे साध्या मजकुरात लिहिलेले असल्याने प्रोग्रामिंग न येणाऱ्यालाही त्यात भर घालता येते. लढाईत स्टारसेक्टरची खोली नाही. पण मॉड लिहायला शिकण्यासाठी मला यापेक्षा सोपे दार माहीत नाही, आणि कोणी एक कर्ता थांबला तरी काम पुढे चालू राहील अशी याची रचनाच आहे.

निर्णय घेताना पैसे भरण्याची बाबही पाहावी लागते, कारण आपल्याकडे अनेकांचे पाऊल तिथेच अडखळते. स्टीमवर रुपयांत किंमत असते आणि यूपीआय चालते. स्टारसेक्टर साधारण १५ डॉलरला पडतो आणि त्यासाठी परदेशी व्यवहार सुरू असलेले कार्ड लागते. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमांनंतर नव्या कार्डांवर ही सोय बंदच असते. ती बँकेच्या ॲपमधून स्वतः सुरू करावी लागते, आणि काम झाल्यावर पुन्हा बंद करावी हे उत्तम. वडिलांचे कार्ड वापरणार असाल तर त्यांना हे आधी नीट समजावून सांगावे.

आठ जीबीच्या लॅपटॉपवर स्टारसेक्टर मॉडशिवाय अडचणीविना चालतो. मॉड वाढवले की गेमच्या फोल्डरमधील व्हीएमपॅराम्स या फाईलमध्ये त्याला दिलेली मेमरी वाढवावी लागते. ४ जीबीपर्यंत जावे, त्यापुढे विंडोजलाच जागा उरत नाही. ग्राफिक्सलिब ग्राफिक्स कार्डाची मेमरी बरीच खातो, म्हणून वेगळे कार्ड नसलेल्यांनी त्याची भारी दृश्ये बंद ठेवावीत. पहिली मोहीम मॉडशिवायच खेळावी असा माझा आग्रह आहे. एकदा मोहिमेत नवी जहाजे घालणारा मॉड मिसळला की तो मध्येच काढता येत नाही, काढला तर जतन केलेला खेळ बहुधा उघडतच नाही, आणि मूळ गेममध्ये काय होते व मॉडने काय आणले हे नवख्याला वेगळे करता येत नाही. दुसऱ्या मोहिमेला नेक्सरेलिन आणि त्याला लागणारे पायाभूत मॉड एवढेच घ्यावेत.

ज्याला ताफ्याच्या लढाया आणि मॉडचे जग आवडते त्याने १.० ची वाट न पाहता ०.९८ घ्यावा. ज्याला कथेचा शेवट पाहिल्याशिवाय चैन पडत नाही त्याने मात्र खरोखरच थांबावे, आणि तोवर एंडलेस स्काय खेळावा. नवी आवृत्ती येईल त्या दिवशी जुना फोल्डर उतरवून ठेवायला विसरू नये.