वॉबल बोर्ड की फोम पॅड? घोटा मुरगळल्यानंतरची खरेदी

सूज उतरली, लंगडणं थांबलं, आणि फिजिओने सांगितलं की आता बॅलन्सचे व्यायाम घरी चालू ठेवा. मग प्रश्न येतो तो काय विकत घ्यायचं याचा. ट्रेक उतरताना घसाऱ्यावर माझा घोटा आत वळला आणि बाहेरच्या बाजूचं लिगामेंट ताणलं गेलं. त्यानंतर वॉबल बोर्ड (खाली गोल तळ असलेली डुगडुगती फळी) आणि फोम पॅड (वर उभं राहायची मऊ, जाड गादी) या दोन्ही वस्तू घरात आल्या. खाली लिहिलंय ते वापराच्या अनुभवावरून. तुमचा पाय बघून फिजिओने वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

बोसू बॉलचं आधी उरकतो. डेव्हिड वेक यांनी १९९९ मध्ये काढलेला हा अर्धा फुगा जिममध्ये झकास आहे. घरी मात्र पंप सांभाळा, हवा कमी-जास्त झाली की व्यायामच बदलतो, आणि तो दिवाणाखाली सरकत नाही. विषय संपला.

वॉबल बोर्डची बाजू भक्कम आहे, यात वाद नाही. मुरगळताना नुसतं लिगामेंट दुखावत नाही, घोटा कुठल्या कोनात आहे हे वर कळवणारी मज्जातंतूंची टोकंही दुखावतात, आणि म्हणून बरा झालेला पाय पुन्हा पुन्हा दगा देतो, असं फ्रीमन या ब्रिटिश सर्जननी १९६५ मध्ये मांडलं. उपाय म्हणून त्यांनी रुग्णांना डुगडुगत्या फळीवर उभं केलं. पुढे नेदरलँड्समध्ये २००१-०२ च्या हंगामात व्हॉलीबॉल खेळाडूंवर बोर्डच्या व्यायामाची चाचणी झाली. ज्यांचा घोटा आधी मुरगळलेला होता, त्यांच्यात तो परत मुरगळण्याचं प्रमाण घटलं. त्याच चाचणीत गुडघ्याचं जुनं दुखणं असलेल्यांच्या गुडघ्याच्या तक्रारी मात्र वाढल्या. बोर्ड विकणारे हे दुसरं सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

बोर्डवर उभं राहिलं की नडगीच्या बाहेरच्या बाजूचे स्नायू लगेच कामाला लागतात. पोटरी भरून येते, घोटा चारही दिशांना फिरतो. फोमवर इतकं थेट काही जाणवत नाही. पाय नुसता बारीक थरथरत राहतो. कबड्डी, व्हॉलीबॉल, फुटबॉल खेळायला परत जायचं असेल तर बोर्ड घ्या, मी अडवणार नाही.

पण मी फ्लॅटमध्ये राहतो, आणि खाली फरशी आहे. तोल गेला की बोर्डची कड फरशीवर आपटते. खट्. सावरलो, की दुसऱ्या बाजूने खट्. सुरुवातीला तोल सारखाच जातो, त्यामुळे हा ठेका थांबत नाही. व्यायामाला वेळ मिळतो तो सकाळी सहाला, आणि नेमकी तेव्हाच खालच्या मजल्यावरचे काका साखरझोपेत असतात. त्यांनी लिफ्टमध्ये अगदी हसत विचारलं, "सकाळी सकाळी फर्निचरचं काम काढलंय का?" मग खाली योगा मॅट टाकली. आवाज कमी झाला, पण बोर्डचा गोल तळ मॅटमध्ये रुतून बसायला लागला आणि डुगडुगणंच निम्मं झालं. मॅट काढली तर बोर्ड गुळगुळीत फरशीवर सरकतो. दुपारी करता येईल म्हणावं, तर दुपारी मी ऑफिसात. हळूहळू बोर्ड कपाटामागे उभा राहिला. बोर्ड बिचारा वाईट नव्हता, पण रोज बाहेर काढावासा वाटेना, आणि या व्यायामात रोजच्या सवयीलाच महत्त्व आहे.

फोम पॅडला आवाज नाही. तो बेसिनसमोर पडलेला असतो. दात घासताना दुखऱ्या पायावर उभं राहायचं, मोकळा हात बेसिनच्या कडेवर. वेगळा वेळ काढावा लागत नाही. उभं राहणं जमलं की मान डावी-उजवीकडे फिरवायची, मग डोळे मिटायचे. पॅड तसाच राहतो, व्यायाम कठीण होत जातो. तोल सावरायला आपल्याकडे तीन वाटांनी खबर येते: डोळे, अंतर्कर्ण, आणि तळवे-सांधे. मऊ फोममुळे तळव्याची खबर धूसर होते, डोळे मिटले की दुसरीही वाट बंद, आणि सगळा भार कानावर येतो. बोर्डवर घरी एकट्याने डोळे मिटायची माझी तरी छाती झाली नाही.

मात्र याच कारणासाठी आई-वडिलांना पॅड थेट देऊ नका. मधुमेहामुळे तळवे बधिर झाले असतील तर त्यांचा तोल आधीच डोळ्यांच्या भरवशावर चाललेला असतो. तोंडावर पाणी मारताना डोळे मिटले की झोक जातो, असं कोणी म्हणत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. चक्कर येणाऱ्यांचंही तेच.

पॅडला खोडी आहेत. केस आणि धूळ चिकटते, नखाने कड उकलते, आणि खालची फरशी ओली असेल तर तोही सरकतो. वजनदार माणसाखाली स्वस्त फोम चपटा होतो, मग उभं राहणं जमिनीवर उभं राहण्यासारखंच. साधारण सहा सेंटिमीटर जाडीचा, पाणी न पिणारा फोम बघा. दुकानात चप्पल काढून, काउंटरला धरून एका पायावर उभे राहा आणि टाचेवर भार द्या. खालची जमीन टाचेला लागली तर तो पॅड ठेवून द्या. ऑनलाइन घेणार असाल तर परत घेतात ना, तेवढं आधी वाचा. गुंडाळून आलेला फोम उलगडल्यावर मध्ये उंचवटा राहिलेला मी पाहिलाय, आणि तसल्या पॅडवर पाय नीट टेकतच नाही.