आलं की सुंठ?

दोन्ही एकाच कंदाची रूपं, पण गुण अगदी सारखे नाहीत. ताज्या आल्यात सुमारे ८० टक्के पाणी असतं आणि त्याचा तिखटपणा मुख्यतः जिंजेरॉल या घटकाचा. कंद वाळवला की त्यातल्या काही जिंजेरॉलच्या रेणूमधून पाणी निघून जातं आणि शोगाओल तयार होतं. ते जवळपास दुप्पट तिखट, म्हणूनच सुंठ चिमूटभर पुरते.

मळमळीवर मला सुंठच भरवशाची वाटते. गरोदरपणातल्या मळमळीवरच्या बऱ्याच चाचण्यांत दिवसाला साधारण १ ग्रॅम सुंठपूडच दिली होती, शिवाय ती मोजून घेता येते. आल्याचा तो लिंबासारखा ताजा वास मात्र सुंठीला नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर दोन्हींपैकी काहीही औषध म्हणून सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच.